पुसट फोटोतला पक्षी

पोशीर गावात माझ्या शेजारी राहणाऱ्या माणसाला कुणाची अडचण बघवत नाही. माझा गळका नळ त्याने मी सांगायच्या आत दुरुस्त केला आणि हात पुसत हसला. "एवढंच ना वो!" हे त्याचं पालुपद.

परवा त्याला मोबाइलवर उंबरावरच्या पक्ष्याचा फोटो दाखवला. नुसता हिरवट डाग. म्हटलं, "कुठला असेल हा?"

"हालला वाटतं, नीट दिसत नाय. एवढंच ना वो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गळ्यात गलोल अडकवून आला आणि माझ्या हातात पक्षी ठेवला. अंग अजून उबदार, पाय पिवळेधम्मक, मान लुळी. हरियाल होता, हिरवं रानकबूतर.

"काढा आता फोटो. हालायचा नाय."

तो हात पुसत हसत होता, नळ दुरुस्त केल्यावर हसला होता तसाच.