लोचट शिसं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. आणि तुम्हाला सांगायला बसले, तरी आधी बाबांचंच कौतुक सुचतंय. असू दे.

माझे बाबा कल्हईवाले. अर्जुनी मोरगावकडच्या आठवडी बाजारांत आणि तिथल्याच प्रतापगडच्या यात्रेत त्यांची भट्टी लागायची, भाता माझ्याकडे. कथील चोख की भेसळीचं, हे ते थेंबावरून ओळखत. गरम तव्यावर थेंब गोल गरगरीत राहिला तर चोख, जरा पसरट बसला की त्यात शिसं.

"शिसा लोचट राह्यते, बाई," ते म्हणायचे. "जड असून बी खाली नाही जात, वरच येऊन बसते."

मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते. जड वस्तू खाली जाते एवढंही यांना ठाऊक नाही, म्हणून भर बाजारात मी त्यांना हसले. तर तेही माझ्यासोबत हसले! रागावणं त्यांना कधी जमलंच नाही.

पुढे पीएच.डी.साठी पुण्याला गेले. सहा महिने विषय मिळेना. गाइड दर सोमवारी विचारायचे आणि मी दर सोमवारी मान खाली घालायची. एकदा तोंडातून निघून गेलं – कथलात चिमूटभर शिसं घालून थेंबाचा आकार मोजू का? सर खूश झाले. कुठून सुचलं, म्हणाले. मी म्हटलं, एका जुन्या पेपरात वाचलं होतं.

का बोलले असं? घाबरले होते? छे. लॅबमध्ये कल्हईवाल्याची पोर म्हणून ओळख नको होती – बस, एवढंच.

आणि बाबा खरे निघाले हो. पातळ धातूत आतले अणू कसेही हिंडतात, पण अगदी वरचे पंगतीला बसल्यासारखे थराथरानं बसतात. कथलात जरासं शिसं असलं, की पहिल्या पंगतीत तेच घुसतं – जड असून – आणि वरचा ताण सैल पडून थेंब पसरतो. बाबांना काही अणू दिसले नव्हते. पण थेंब चपटा का होतो, हे त्यांनी माझ्या आधी कितीतरी वर्षं ओळखलं होतं. माझा अख्खा प्रबंध त्या एका वाक्यावर उभा आहे.

प्रबंधाची एक प्रत घरी नेली. बाबांनी हात दोनदा धुतले, मग ती मांडीवर घेतली. बाबांना मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही.

"माहं नाव आहे काय यात?"

आभाराच्या पानावर सर होते, मैत्रिणी होत्या, मेसवाल्या काकूसुद्धा होत्या. बाबा नव्हते. – "आहे ना," मी म्हटलं, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ आम्हाला आरगॉन वायूची सिलिंडरं पुरवणाऱ्या माणसाची होती.

तेव्हापासून ती प्रत भट्टीशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत. स्टीलची भांडी आली, गिऱ्हाइकं कमी झाली, पण जो येईल त्याला ते पान दाखवायचं म्हणजे दाखवायचंच. मी सुट्टीला गेले की माझ्यासमोर जरा जास्तच. त्यांचा तो आनंद पाहून मला खरंच बरं वाटायचं, हेही सांगून टाकते.

मागच्या उन्हाळ्यात गावातल्या शाळेच्या नव्या मॅडम पितळी गंज, म्हणजे पातेलं, कल्हईला घेऊन आल्या. मी तिथेच बसले होते. बाबांनी पान उघडलं, नेमकी ती ओळ दाखवली.

"मॅडम, तुमाले इंग्रजी येते. माहं नाव वाचून दाखवा जरा. पोरीनं लिवलं आहे."

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली.

"आहे ना बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचंच नाव आहे."

"मंग एवढं बारीक काऊन लिवलं, बाई?" बाबांनी हसत मला विचारलं.

एक परकी बाई माझ्यासाठी माझ्या बाबांशी खोटं बोलली होती. मी म्हटलं, "सगळ्यांचं तेवढंच असतं, बाबा."