भाकरतुकडा

ऑस्ट्रियाहून परत आलो त्या दुपारी आमच्या डोंबिवलीच्या घराचं कुलूप मी काढलं, दार ढकललं आणि मागे वळून बघते तर नवरा दोन्ही हातांत बॅगा घेऊन उंबऱ्याबाहेरच उभा. त्याच्या मागे जिन्यात आमची लेक, पाठीवर सॅक, तीन मजले चढून धापा टाकत.

"अरे, ये की आत," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला, आणि हलला नाही.

मला आधी वाटलं, कंबर धरली. विमानात इतके तास एका जागी बसून माझीही धरली होती. शीळफाट्याला टॅक्सी पाऊण तास अडकली, चहूबाजूंनी हॉर्न, आणि पंधरा दिवस हॉर्न न ऐकलेल्या आम्हा तिघांना चक्क बरं वाटलं होतं. तेव्हा हा हसलासुद्धा होता. मग आता काय झालं? तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्यावरून आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. मग माझ्या लक्षात आलं. हा आयुष्यभर थांबत आला तसाच थांबलाय. आतून यायला आता कोणी नाही, हे त्याच्या पायांना अजून कळलेलं नाही.

माझ्या सासूबाई जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. प्रवासाहून आलेल्या माणसाला त्यांनी कधी तसंच आत घेतलं नाही. "थांबा रे, तिथंच थांबा!" असा आतून आवाज यायचा. मग एका हातात तांब्याभर पाणी आणि दुसऱ्या हातात भाकरीचा नाहीतर पोळीचा तुकडा घेऊन त्या दारात यायच्या. तुकडा आलेल्या माणसावरून तीनदा ओवाळायच्या, पायांवर पाणी घालायच्या, ओली बोटं त्याच्या डोळ्यांना लावायच्या, आणि तो तुकडा बाहेर टाकायला कोणाला तरी खाली पिटाळायच्या. वाटेत जे काही मागे लागलं असेल, कोणाची दृष्ट, कसली बाधा, ते त्या तुकड्याबरोबर गेलं. मगच माणूस आत.

यातून कोणाची सुटका नसे. नवरा दोन वर्षं गुजरातेतल्या एका कारखान्यात होता, महिन्याकाठी यायचा, दर वेळी हे होणारच. सव्वा महिन्याच्या लेकीला घेऊन मी माहेरून आले, तर त्या गाठोड्यातून तिची एवढीशी पावलं बाहेर काढून त्यांवरही पाणी. मी ठाण्याला बहिणीकडे चार दिवस राहून आले तरी तेच.

"अहो आई, ठाणं म्हणजे काय प्रवास झाला?"

"खाडी ओलांडलीस ना?" त्या म्हणायच्या, आणि विषय संपायचा.

मला या सगळ्याचा कंटाळा यायचा, हे कबूल करते. मी मुळात घाईची बाई. पाय दुखत असतात, बॅगा जड असतात, घाम येत असतो, आणि आपण आपल्याच घराच्या दारात पाहुण्यासारखे उभे. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात सांगलीचं एक लग्न उरकून आम्ही आलो, तेव्हा माझं डोकं भणभणत होतं. सासूबाईंचे हात तोवर थकले होते. तांब्या सापडेना, मग पोळीचा डबा उघडेना. मी दोन मिनिटं थांबले आणि म्हणाले, "राहू द्या हो आई. दृष्ट लागण्यासारखं काय राहिलंय आता आमच्यात? आत येऊ द्या." आणि त्यांच्या अंगावरून आत शिरले.

त्यांनी मुलावरून ओवाळलं, नातीवरून ओवाळलं. त्यानंतर मी कुठून आले की त्या तांब्या घेऊन दारात यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि बाजूला व्हायच्या. मी त्यांच्या शेजारून आत जायची. असं शेवटपर्यंत चाललं. मला कधीही म्हणता आलं असतं, आई, करा. नाही म्हटलं. अहंकार म्हणा, आळस म्हणा.

त्या गेल्या आणि नवरा गप्प झाला. तो आधीही फार बोलका नव्हता, वागळे इस्टेटमध्ये पंचवीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळून माणसापेक्षा रॅकशी जास्त बोलायची सवय. पण हे गप्प वेगळं होतं. तो रडलाही नाही. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि हा आपला आईच्या खोलीचं दार रोज सकाळी उघडायचा आणि संध्याकाळी लावायचा. शेवटी लेकीने सुट्टी काढली, तिकिटं काढली आणि आम्हाला विचारलंसुद्धा नाही. "बाबांना इथून उचलून कुठेतरी नेऊ या," एवढंच म्हणाली.

ऑस्ट्रियातल्या एका छोट्या गावात आम्ही एक घर घेतलं होतं राहायला. दाराशेजारी भिंतीवर छोटी पेटी, तिच्यावर चार आकडे जुळवले की आतून किल्ली मिळायची. कोणी भेटलं नाही, कोणी स्वागत केलं नाही. टेबलावर सूचनांचा कागद होता, बाटल्या कुठल्या डब्यात, कागद कुठल्या डब्यात, रविवारी आवाज नको. खरं सांगते, मला ते भारी आवडलं. दार उघडलं की थेट आत, मध्ये कोणी तांब्या घेऊन नाही. मी तिथल्या सोफ्यावर पाय पसरून म्हटलंसुद्धा, "याला म्हणतात घरी येणं."

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. सत्तरीची, ताठ, रोज सकाळी खिडकीतल्या फुलांना पाणी घालताना मान हलवून हॅलो म्हणायची आणि लगेच दुसरीकडे बघायची. मी मनात म्हटलं, कोरडी माणसं. रविवारी तिचा मुलगा आला. मी वरून बघत होते. त्याने स्वतःच्या आईच्या घराची बेल वाजवली आणि शहाण्यासारखा बाहेर उभा राहिला. तिने दार उघडलं आणि त्याला मिठी मारली. किती वेळ! तो पन्नाशीचा, टक्कल पडलेला, आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवतेय, फिरवतेय. माझ्या शेजारी नवरा येऊन उभा राहिला होता.

"आईने मला कधी अशी मिठी मारली नाही," तो म्हणाला.

दहा महिन्यांत आईबद्दल तो बोललेलं पहिलं वाक्य. आमच्याकडे कोणाच्याच आईने वाढलेल्या मुलाला कधी मिठी मारलेली मी पाहिली नाही. आमच्याकडे फार तर पाठीवर थाप. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, की माझ्या सासूबाई मुलाच्या डोळ्यांना बोटं लावायच्या, पायांवर पाणी घालायच्या, त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवायच्या, आणि हे सगळं करायला त्यांना त्या तुकड्याचं निमित्त लागायचं.

पुढे दोन दिवसांनी लेक एकटीच डोंगरावर चालायला गेली. चारला येणार होती. साडेसहा झाले, फोन बंद. तिथे उन्हाळ्यात उजेड खूप वेळ राहतो, पण मला तो उजेडही खोटा वाटायला लागला. नवरा रस्त्याच्या टोकापर्यंत चार वेळा जाऊन आला. सातला ती आली, बस चुकली होती, बाकी काही नाही, गाल लालबुंद, आनंदात. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिच्यावर ओरडले, "थांब तिथेच! आत येऊ नकोस!" टेबलावरचा काळा पाव उचलला, त्याचं टोक मोडलं, ग्लासभर पाणी घेतलं, तिच्यावरून ओवाळलं, आणि जिन्यातली खिडकी उघडून तुकडा दिला फेकून. हे करताना मी विचार केला नव्हता. माझे हातच ते करत होते.

दुसऱ्या दिवशी दाराखाली इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात. कृपया खिडकीतून पक्ष्यांना खायला घालू नये, त्याने कबुतरं वाढतात. शेवटी एक हसरा चेहरा काढलेला. लेक हसून लोळली. मीही हसले. नवरा हसला नाही. जरा वेळाने त्याने विचारलं, "काळा पाव चालतो का गं?"

"आईंना विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

आणि आता तो डोंबिवलीत आमच्या दाराबाहेर बॅगा धरून उभा होता. "थांब," मी म्हटलं, "तिथंच थांब." पण पंधरा दिवस बंद घरात भाकरी कुठली आणि पोळी कुठली. पिठाच्या डब्यात पीठ होतं, त्याचं काय करणार? मी समोरचं दार वाजवलं. तिथल्या वहिनी शिकवण्या घेतात, आत पाढे चालले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाहेर उभ्या माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता सकाळची पोळी आणून दिली.

"वहिनी, तुम्हीच करता का?" मी विचारलं. मला ते स्वतःच्या हाताने करायला नको वाटत होतं, का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

"मी कशी करू? घरातल्या मोठ्या बाईने करायचं असतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता तुम्ही."

घरातली मोठी बाई. चोपन्न वर्षांची होईपर्यंत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. मी आत गेले, तांब्या घासला, पाणी भरलं. दारात आले, नवऱ्यावरून तुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, आणि बोटं बुडवून त्याच्या डोळ्यांना लावली. माझी बोटं बाजूला झाली तरी ते पाणी थांबेना. त्याने बॅगा खाली ठेवल्या आणि तिथेच, उघड्या दारात, पाढे म्हणणारी पोरं समोरून बघत असताना, तो हुंदके देऊन रडला. मी त्याला रडू दिलं. मग लेकीवरून ओवाळलं. ती दोघं आत आली.

लेक माझ्या हातातून तांब्या घेत म्हणाली, "आई, आता तू बाहेर जा. तुझं कोण करणार? मी करते."

मी बाहेर जाऊन उभी राहिले. ती उलट्या बाजूने ओवाळत होती, पाणी माझ्या पायांऐवजी साडीवर सांडत होती. आणि मला सासूबाई दिसत होत्या. दरवर्षी पंधरा दिवस त्या भावाकडे अलिबागला जायच्या. एसटीने यायच्या, एकट्या तीन मजले चढायच्या, उंबऱ्याशी क्षणभर थांबायच्या. दम घेत असतील, असं मला वाटायचं. मग आपल्याच हाताने पाय धुऊन ओट्याशी उभ्या राहायच्या. अठ्ठावीस वर्षं मी घरातच असायची. एकदाही माझ्या मनात आलं नाही की म्हणावं, आई, तिथंच थांबा, मी आले.