कंटेनरचं बूच

माझा स्वभाव तापट. बायको म्हणायची, तुमचं सोल्डरिंग आणि तुमचं डोकं एकदमच तापतं. भंडाऱ्याला तांत्रिक शाळेत शिकवायचो, घरी पडवीत रेडिओ दुरुस्त करायचो. त्याआधी काही वर्षं एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत, हवेचंसुद्धा पाणी होईल अशा थंडीतल्या यंत्रांवर काम केलं होतं. ते वकिलांना कुठून तरी कळलं. मग जळालेली मोटार असो की मीटरमधली छेडछाड, साक्षीला मलाच बोलावणं यायचं. कोर्टात मला मान होता आणि तो मला आवडायचा, खोटं कशाला बोलू.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. करडीकडच्या एका गावात गुरांच्या दवाखान्यात एक पट्टीबंधक होता. चाळिशीचा, कमी बोलणारा. तेव्हा गावठी गाईंसाठी संकरित वळूचं गोठवलेलं रेत नुकतंच येऊ लागलं होतं. त्याच्या कांड्या, म्हणजे बारीक नळ्या, द्रवरूप नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये बुडवून ठेवायच्या. याच्या ताब्यातला कंटेनर दोन दिवसांत कोरडा पडला आणि सगळ्या कांड्या वाया गेल्या. त्या हंगामात गावातली एकही गाय गाभण राहिली नाही. खात्यानं ठपका ठेवला, की हा झाकण उघडं टाकून घरी गेला. नोकरीवरून काढलं. तो कोर्टात आला आणि कोर्टानं कंटेनर माझ्याकडे तपासायला पाठवला.

मी आठ दिवस तो पडवीत ठेवला. नायट्रोजन भरला, रोज तराजूवर वजन केलं. बूच नीट ठेवूनही वजन भराभर उतरायचं आणि बाहेरून पत्र्याला घाम फुटायचा. कंटेनरच्या दोन भिंतींमधल्या निर्वात पोकळीत हवा शिरली होती, हे उघड होतं. ती कुठून शिरली, तेही सापडलं. मानेचा सांधा आतून तडकला होता. मानेच्या खाचेत वाळलेली माती होती, शेण कालवलेली. तारेचे वळही होते.

साक्षीच्या पिंजऱ्यात मी रंगात येऊन सांगितलं, "झाकण उघडं नव्हतं. उलट कोणीतरी बूच ठोकून, मातीनं लिंपून, वर तार आवळली. नायट्रोजन सारखा उडत असतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी. म्हणून बूच सैलच ठेवायचं असतं. वाट बंद केली, आत दाब वाढला, मान तडकली."

न्यायाधीशांनी पट्टीबंधकाला विचारलं, "हे तुम्ही केलं?"

"हो जी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

तो खाली बघत राहिला. दोनदा विचारलं तरी बोलला नाही. खात्याचा वकील खूश झाला. उघडं टाकलं काय आणि मातीनं लिंपलं काय, निष्काळजीपणा तो निष्काळजीपणाच, असं म्हणाला. मधली सुट्टी झाली. मला वाटलं होतं, मी या माणसाला वाचवतो आहे. आता माझ्याच साक्षीनं त्याची नोकरी कायमची जाणार होती.

बाहेर कडुनिंबाखाली तो पायरीवर बसला होता. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अरे बाबा, तोंड काहून शिवून बसला? कोण्या गाढवानं सांगितलं तुले बूच घट्ट लावाले?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. अवघडल्यासारखं.

"जाऊ द्या ना जी."

"सांग म्हणतो ना."

"सर, तुमीच."

मग त्यानं हळूहळू सांगितलं. नायट्रोजन भरायला तो दर पंधरवड्याला भंडाऱ्याला यायचा. नवा कंटेनर मिळाला तेव्हा त्याच्या तोंडातून वाफ निघताना बघून घाबरला आणि सायकलच्या कॅरियरला बांधून तसाच माझ्या पडवीत आला. म्हणाला, सर, यातून धूर निंगून राहिला. मी कोणाचा तरी रेडिओ उघडून बसलो होतो. मान वर न करता खेकसलो, "मंग बूच घट्ट लाव ना." तो घरी गेला आणि त्याला ठाऊक होतं तसं घट्ट केलं. धान साठवायची ढोली लिंपतात तसं, शेण-मातीनं.

मला ते मुळीच आठवत नव्हतं. पण खेकसणं माझंच होतं, यात शंका नव्हती.

"मघाशी नाव काहून नाही घेतलं?"

"तुमचा कोर्टात मान आहे जी. माह्यापायी तो कायले जावा?"

मला त्याचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. मी त्याच्याशेजारी पायरीवर बसलो.

सुट्टीनंतर मी पुन्हा बोलायची परवानगी मागितली. म्हणालो, "बूच घट्ट लावायला सांगणारा मी आहे."

वकील हसला. "म्हणजे तज्ज्ञच चुकले?"

"हो. हा माणूस न कळणारी गोष्ट विचारायला आला होता. आणखी काळजी ती काय घ्यायची? मी न बघता उत्तर दिलं. लिहून घ्या."

लिहून घेतलं. त्याची नोकरी परत मिळाली. त्यानंतर बरेच दिवस मला कोर्टाचं बोलावणं आलं नाही, ते ठीकच झालं.

काही महिन्यांनी पडवीत रेडिओ उघडून बसलो होतो. बऱ्याच वेळानं पाठ दुखली म्हणून सरळ झालो, तर दारात तो उभा. सायकलला नवा कंटेनर बांधलेला, बूच सैल, वाफ निघते आहे.

"केव्हा आला? आवाज नाही का द्यायचा?"

"पंधरा मिनिटं झाले असतीन," तो म्हणाला. "तुमी मान वर कराची वाट पाहून राहिलो जी."