सारवलेली खोली आणि पिल्लू

मी मुळातच अर्धवट झोपेत वावरणारी बाई. त्यामुळे धानोऱ्याचा तो हिवाळा मला धुक्यातूनच आठवतो. पहाटे पिल्लाला कडेवर घेऊन मी परसातल्या निंबाखाली जायची. भुसभुशीत मातीवर त्याला ठेवायचं आणि वाट बघत उभं राहायचं. कुठूनतरी वाळत्या मिरचीचा वास यायचा, ते शिंकायचं, पुन्हा गोल गोल हुंगायचं. त्याचं उरकलं की मी पाठीवरून हात फिरवून शाबासकी द्यायची, आणि आम्ही दोघं जांभया देत घरात यायचो.

नवऱ्याने त्याला विसरवाडीच्या एका ढाब्यावरून आणलं होतं, उभ्या ट्रकच्या चाकाशी निजलेलं. सासूबाईंनी एकच अट घातली. घरात घाण केली तर होतं तिथे परत जाईल. त्या शब्दाच्या पक्क्या, आणि माझा तर पहिल्याच दिवशी त्याच्यावर जीव जडलेला.

मग मी पपईचं रिकामं कॅरेट आडवं टाकलं, आत जुनी साडी अंथरली. खाणं आतच द्यायची. तोंडाशी दुसरं कॅरेट लावून ते बंद करायचं, आधी क्षणभर, मग भाकरी होईपर्यंत, मग दुपारच्या डुलकीइतकं. कुत्रं निजायच्या जागी घाण करत नाही, असं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. दुपारी मीही कॅरेटशेजारी फरशीवर आडवी व्हायची. कवडसा त्याच्या पोटावर हळूहळू सरकायचा, आणि कोण कोणाला वळण लावतंय तेच मला कळेनासं व्हायचं.

फरशीवर त्याने थेंब सांडला नाही. पण सासूबाईंची खोली मातीची होती. फरशीवर पाय परके वाटतात म्हणून त्यांनी ती बसवू दिली नव्हती. या वयातही स्वतःच्या हाताने सारवायच्या. एका सकाळी सारवण नुकतं सुकलं होतं. पिल्लू ऐटीत आत गेलं, गोल गोल हुंगलं आणि मधोमध मुतलं. मग शाबासकीसाठी माझ्याकडे बघू लागलं.

माती दिसली की बसायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं. चाचरत सासूबाईंना तसं सांगितलं, आणि घाईघाईत बोलून गेले की खोलीत फरशी बसवून घेऊ. लगेच जीभ चावली. सासूबाईंनी तेवढा भाग खरवडला, शेणाचा हात फिरवला, हात धुतले. मी पिल्लाला छातीशी धरून दारात उभी होते. आता हे जाणार, एवढंच डोक्यात होतं.

"पिल्लू झोपस तठे घाण करत नही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही करत," मी म्हणाले.

"मंग त्यानं कॅरेट मन्ही खाटजोडे आण. आते हाई खोली त्यानी बी शे."

त्यांच्या खाटेशेजारी ठेवायला कॅरेट उचललं, आणि खोली आता त्याचीही झाली म्हणून मला रडू आलं. सासूबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. ओल्या सारवणावर कोणी पाय देऊ नये म्हणून त्या उंबऱ्यात बसल्या होत्या, पिल्लाला मांडीवर घेऊन.