चान्यांचा वाटा

माझ्या मोठ्या दिरांनी रत्नागिरीकडून तीन खारी दुबईला आणवल्या. ज्या मुलखात धड एक झाड बघायचं तर शारजाला, रोल्लाच्या वडापर्यंत जावं लागे, तिथे या गृहस्थांना झाडावरचं जनावर पाळायची हौस! साठच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही त्यांना भाई म्हणायचो. ते एका जहाज कंपनीत हेडक्लार्क होते. पण ऐट अशी, की खाडीतली सगळी जहाजं यांनी मान हलवल्यावरच निघतात. माझा नवरा त्यांच्याच हाताखाली कारकून. घरी आल्यावरही हाताखालीच.

आमच्याकडे खारीला चानी म्हणतात. तीन चान्यांतली एक लवकरच मेली. भाईंनीच तिला मोड आलेला कच्चा बटाटा घातला होता, त्याचे तुकडे पिंजऱ्यात तसेच पडलेले होते. पण चूक भाईंची कशी असेल? त्यांनी जाहीर केलं की इथल्या खाऱ्या पाण्यावरची भाजीच बाधली. मग ऑफिसात कुणीतरी त्यांना शहाणपण शिकवलं: गरोदर बाईला जे सोसतं ते कुठल्याही नाजूक जिवाला सोसतं. सांगणारा मूर्ख आणि ऐकणारा दीडशहाणा. आमच्या घरात गरोदर बाई एकच होती, मी.

थोरल्या दिरासमोर आम्ही येत नसू. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जाड पडदा असे आणि बोलणं भाभीमार्फत, म्हणजे माझ्या जावेमार्फत, चाले. शुक्रवारी भाई बाजारातून ताजी भाजी आणून टोपली पडद्याखालून आत सरकवत आणि पलीकडून हुकूम सोडत, "तिला सांग, आधी टेस्ट कर. कडू लागलं तर चान्यांना द्यायचं नाही. उगाच रिस्क नको."

ताजी भाजी तेव्हा दुर्मीळ होती. आम्ही मासे, भात, डाळ आणि कांदे-बटाटे यांवर दिवस काढत होतो. मला डोहाळे लागले होते काकडीचे. साधी, पाणीदार काकडी! काकडीच्या नुसत्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. भाभीने एकदा भाईंना तसं सांगितलं. ते म्हणाले, "उरली तर देऊ, इन्शाल्ला." कधी उरली नाही. खारीचा वाटा म्हणजे इवलासा, असं मला मराठी शाळेत शिकवलं होतं. त्या घरात खारींचा वाटा टोपलीभर होता आणि माझा नखाएवढा. चान्यांवर माझा राग नव्हता, बिचाऱ्या पिंजऱ्यात होत्या. मी खार खाऊन होते ती भाईंवर.

नवऱ्याकडे तक्रार केली. तो म्हणाला, "भाईंचं मन साफ आहे गं." रिकामं भांडंही साफच असतं, हे मी त्याला ऐकवलं. तो पेपर वाचत बसला.

एका शुक्रवारी टोपलीत दुधी होता. दिसायला देखणा, कोवळा. मी फोड तोंडात टाकली आणि जीभच वळली. थुंकेपर्यंत थोडा रस पोटात गेला होता. तासाभरात उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. पोटातलं मूल हलायचं बंद झालं. निदान मला तरी ते जाणवेना. भिंतीला टेकून मी दोन्ही हात पोटावर धरून बसले होते आणि आयुष्यात इतकी कधीच घाबरले नव्हते. भाभी साखर-मिठाचं पाणी पाजत होती.

पडद्यापलीकडे भाई आले. भाभीने सांगितलं, दुधी कडू निघाला, हिची अवस्था वाईट आहे.

"चान्यांना नाही ना घातलास?" भाईंनी विचारलं.

"नाही."

"शुक्र आहे अल्लाचा. बघ, म्हणून टेस्ट लागते."

माझा नवराही पलीकडेच होता. पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. संध्याकाळी मूल हललं आणि मी रडले. त्या दोघांबद्दल माझ्या मनात उरलासुरला आदर होता, तो मात्र खलास झाला.

पुढच्या शुक्रवारी टोपलीत काकड्या आल्या. मी एक उचलली, चावा घेतला. मधासारखी गोड. पलीकडून आवाज आला, "विचार तिला, कशी आहे?"

"कडू," मी म्हणाले.

भाभीने माझ्याकडे पाहिलं. मी सावकाश चावत होते. तिने घसा साफ केला आणि मोठ्याने सांगितलं, "कडू जहर आहे म्हणते." मग तिनेही एक उचलली.

त्यानंतर त्या घरात आलेलं प्रत्येक गाजर कडू निघालं, प्रत्येक काकडी कडू, लाल भोपळासुद्धा. भोपळ्याची आम्ही भाजी केली आणि दोघींनी मिळून संपवली. चान्या भिजवलेले चणे आणि खजूर खाऊन चांगल्या टुणटुणीत राहिल्या. पडदा काय भाईंनी लावला नव्हता, पण त्याचा एवढा उपयोग त्यांच्यामुळेच कळला. बैठकीत येणाऱ्याजाणाऱ्याला ते गंभीरपणे सांगत, "या मुलखात भाजी म्हणून गोड उगवत नाही." लोक माना डोलवत. त्यांत माझा नवराही असे.

मुलगी झाली. भाभी तिला घेऊन पडद्याबाहेर गेली. भाईंनी हातात घेतली असावी, कारण पलीकडून आवाज आला, "वजनदार आहे की! काय खाल्लं हिच्या आईने?"

"चान्यांचा वाटा खाल्लान तिने," भाभी म्हणाली.

भाई खूश होऊन हसले. मग भाभीला म्हणाले, तिला सांग, पुढच्या खेपेलाही टेस्ट तिनेच करायची.