मामाची काळी गाडी आणि माझा पॉलिश पेपर

आधीच सांगतो, लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे झालं असेल तर माफ करा. शाळा मी नववीत सोडली. मोठे शब्द मला येत नाहीत, आणि एखादा आलाच तर तो कुठे बसवायचा ते कळत नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझे कान गरम होतात, म्हणून लिहितोय. पण मी जो घोळ घातलाय ना, तो ऐकाच. चहा घेतलात? मग बसा नीट.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला आहे. रंगारी नाही हां! रंगारी म्हणजे मोठी माणसं. मी घासणारा. साच्यातून कच्ची मूर्ती निघाली की तिच्या अंगावर सांध्याच्या रेघा असतात, खडबड असते. पॉलिश पेपर घ्यायचा आणि सोंडेपासून उंदरापर्यंत घासत बसायचं. मी घासलेल्या मूर्तीला तुम्ही गाल लावून बघा, टोचली तर माझं नाव बदला.

तर विलासमामा, म्हणजे माझ्या आईचा भाऊ, रोह्याला राहतो आणि स्वतःची गाडी भाड्याने चालवतो. काळी कुळकुळीत गाडी. या उन्हाळ्यात त्याला रोह्यातल्या एका मोठ्या घरचं काम मिळालं. नवरदेवाची गाडी! त्याच घरात पुढे आणखी दोन लग्नं होती. पहिलं नीट पार पडलं तर तीही मामाला मिळणार होती. नाहीतर दारात तीन गाडीवाले टपून बसलेलेच.

लग्नाच्या आदल्या दिवशीच मामाची दाढ ठणकायला लागली. ती काढायला तो पेणला आला आणि गाडी आमच्या अंगणात लावली.

"बाबू, मी दातवाल्याकडं जाऊन येतो. तोवर गाडी धू. आतनं झाडून घे, ऑइल बघ, वायपरचं पाणी भर, चाकांत हवा बघ. आणि हे डांबराचे ठिपके काढ. उद्या नवरदेवानं दरवाज्यात तोंड बघून फेटा बांधला पाह्यजे, अशी चमकव. जमंल ना?"

"जमंल, मामा."

बस. मी ठरवलं. आज ही गाडी अशी करायची की मामा बघतच राहील.

(तो बघतच राहिला. पण ते पुढे.)

सगळं मी मन लावून केलं. पायपुसण्या भिंतीवर आपटल्या, निम्मं कोकण बाहेर पडलं. सीटखाली एक बिस्किटाचा पुडा आणि कोणाची तरी चष्म्याची काडी सापडली. ऑइलची पट्टी ओढून, पुसून, परत घालून बघितली. वायपरचं पाणी भरलं. हवा भरून आणली. हायवेच्या कामाचं डांबर दरवाज्यांना चिकटलं होतं, ते रॉकेलच्या फडक्यानं हळूच काढलं. मग शांपूनं गाडी धुतली. गाडी अशी लखलखत होती की वरून जाणारा कावळा तिच्यात दिसत होता.

इथे थांबलो असतो तर आज मी शहाणा माणूस असतो.

पण बॉनेटवर एक ओरखडा दिसला. केसाएवढा. आणि ओरखडा दिसला की माझा हात आपोआप खिशात जातो. खिशात काय असणार? पॉलिश पेपर! तोही बारीकातला बारीक.

दोन हात मारले. ओरखडा गेला! मी खूश. मग फडक्यानं पुसून बघितलं, तर त्या जागी भाकरीएवढा राखाडी डाग.

आता हा डाग बाजूच्याशी एकसारखा नको करायला? म्हणून जरा कडेनं घासलं. भाकरीची थाळी झाली. थाळीची परात झाली. अर्ध्या तासात अख्खं बॉनेट राखाडी.

तुम्ही म्हणाल, मूर्खा, घाबरला नाहीस? अजिबात नाही! आमच्याकडे असंच असतं. मूर्ती आधी घासून मंद करायची, चमक शेवटी येते. वार्निश मारलं की आलीच. पण आता बॉनेट एका रंगाचं आणि दरवाजे दुसऱ्या रंगाचे, हे कसं चालेल? अर्धवट काम मला बघवत नाही. दरवाजे घासले. डिकी घासली. स्टूल आणून वरचा टप घासला.

शेजारच्या नजमाचाची दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आल्या आणि कुंपणाशी थबकल्या.

"काय रे बाबू, गाडी धुतोस का सोलतोस?"

"घासतोय, चाची."

"अरे, पन ती मघाशी चकचकीत होती ना?"

"चमक शेवटी येते, चाची."

"असंल बाबा. तू कारागीर मानूस, तुला ठावं."

कारागीर! मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी कारागीर म्हटलं. मग काय, आरशांच्या पाठीसुद्धा घासल्या.

एवढ्यात मामा दात काढून आला असणार. तो मागच्या दारानं घरात शिरला आणि आईनं त्याला झोपवलं. मला पत्ता नाही. मी कारखान्यात आमच्या शेठकडे वार्निश मागायला गेलो होतो.

"शेठ, थोडं वार्निश हवं होतं."

"कुठल्या मूर्तीला?"

"मूर्ती नाय, शेठ. गाडी."

शेठनी हातातला ब्रश खाली ठेवला. मी सगळं सांगितलं.

"सगळी घासलीस?"

"सगळी. एक कोपरा सोडला नाय."

"टप पण?"

"टप पण, शेठ."

शेठ खाली बसले. "अरे बाबू, गाडीला चमक कंपनीतनंच देतात. ती वरच्या थरात असते. तोच तर तू घासून काढलास!"

माझे कान गरम नाही झाले. पाय गार पडले. वार्निश न घेताच घरी पळालो.

मामा अंगणात उभा होता. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. त्याने गाडीकडे बघितलं. मग गाडीच्या पलीकडे बघितलं. मग गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. हातानेच मला विचारलं, गाडी कुठाय?

मी बोट दाखवलं. त्याने त्या बोटाच्या दिशेने नारळाच्या झाडाकडे बघितलं. शेवटी मी नंबर प्लेटवर हात ठेवला.

आता बघा, शिव्या द्यायलाही तोंड मोकळं लागतं. मामाच्या तोंडात बोळा. बिचारा नुसताच लाल होत गेला. मग त्याने चप्पल काढून फेकली. ती लांब जाऊन पडली, म्हणून मी नेऊन दिली. त्याने परत फेकली.

भर लग्नसराईत दुसरी गाडी मिळते का? रोह्यापासून नागोठण्यापर्यंत आईनं सगळीकडे फोन लावले. एक टेम्पो मिळत होता, तोही मासळीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तीच गाडी घेऊन निघालो. रात्रीत मामाचा गाल शहाळ्याएवढा झाला होता. अर्ध्या तोंडानं तो एवढंच म्हणाला, "कोन काय बोललं तर तू बोल." आणि मग विचार करून, "नको. तू पन नको बोलू."

नवरदेवाच्या दारात गाडी लावली. बेंजोवाले वाजवायचे थांबले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरदेव बाहेर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली. मी मनातल्या मनात ती दोन्ही लग्नं दुसऱ्या गाडीवाल्यांना वाटून टाकली.

"मामा," नवरदेव म्हणाला, "मॅट फिनिश?"

मामाने माझ्याकडे बघितलं, मी मामाकडे.

"काय दिसतेय राव! आमच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबाची अशीच हाय! फोटो काढा रे!"

मॅट म्हणजे मुद्दाम बिनचमकीचा ठेवलेला रंग, हे मला तोवर माहीत नव्हतं. मामालाही नसावं. पण त्याने मान हलवली. इतकी हळू, की सुजलेल्या गालालाही कळू नये.

झालं! वाचलो! असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. तेवढ्यात नवरदेवाचा काका पुढे आला.

"कोणी केलं हे?"

मामाचा हात आपोआप माझ्याकडे आला.

"शाब्बास! निघायला अजून वेळ हाय. माझी पण करून टाक." आणि त्याने माझ्या हातात किल्ली ठेवली. पलीकडे त्याची लाल गाडी उभी होती. कोरी. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

मामा डोळ्यांनी सांगत होता, कायतरी थाप मार. पण थाप मारायची तर पटकन सुचावी लागते. मला खरंही पटकन सुचत नाही. गप्प राहावं तर काकाची गाडी जाते, बोलावं तर मामाची लग्नं जातात. पन्नास माणसं बघतायत. कान तर असे तापलेले की त्यावर कोणी पापड भाजला असता.

मग मी ठरवलं आणि एका दमात बोलून टाकलं. "काका, ते मॅट-बिट काय नाय. मी गणपती घासणारा हाय. मामा दात काढायला गेला तेव्हा मी चुकून गाडी घासली, पॉलिश पेपरनं. तुमची चांगली हाय. नका देऊ माझ्याकडं."

आणि किल्ली परत दिली.

मामाने डोळे मिटून घेतले. आणि ओट्यावरून नवरदेवाची आजी शेजारणीला म्हणाली, "नशीब गो बाय, काल हळद उतरवायला ह्याला नाय बोलावला! नवऱ्याचा नुसता सांगाडा उरला असता!"

जो हशा पिकला! मामासुद्धा हसला आणि गाल धरून खाली बसला.

नवरदेवाचे वडील डोळे पुसत म्हणाले, "विलास, पोराला गाडी आवडलीय, तर हीच राहील. पुढच्या दोन लग्नांना पण तूच ये. पण एक अट." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं गाडीच्या जवळ यायचं नाय."

गाडी गेली. मी रस्त्यात उभा. लग्न कोलाडला होतं आणि तसल्या गालानं परत येताना मामाच्या सोबतीला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. शेवटी बेंजोवाल्यांच्या टेम्पोला हात केला. ढोलवाल्याने मला वर घेतलं, खालपासून वरपर्यंत बघितलं आणि ढोल जवळ ओढला.

"बस. पन ढोलाला हात लावायचा नाय. धूळ दिसली तरी नाय."

रोह्यापासून कोलाडपर्यंत मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो.