युसूफभाईंचा जाम बोल्ट

मलकापुरात युसूफभाईंचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान आहे. तिथं बिस्किटांच्या जुन्या डब्यात सुटे स्क्रू, पिना, स्प्रिंगा पडलेल्या असतात. कोणता स्क्रू कोणत्या बंदुकीचा, हे आता त्यांनाही सांगता येत नाही. पण टाकवत नाहीत. दुकानाच्या बाकावर आम्ही चारपाच मित्र संध्याकाळी बसतो. तिथले किस्से माझ्याकडे तसेच साठलेत.

*

जानेफळचे एक गृहस्थ आजोबांची शिकारीची रायफल घेऊन आले. गोळी आत सारायचा बोल्ट गंजून जाम. घरी जरासं ठोकून पाहिलं, म्हणाले. बोल्टच्या दांड्यावर हातोडीचे इतके वण होते की युसूफभाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मंग, एवढा मार खाऊन कबूल केलं का तिनं काही?"

*

डोणगावच्या एकानं बारा बोरची बंदूक खांद्यावर घेऊन दोन हंगाम मक्याची राखण केली. साफ करायला आणली, तर कुंभारीण माशीनं नळीत मातीचं घर बांधून ती पार बुजवलेली. बार काढला असता तर नळी हातातच फुटली असती, हे ऐकून तो बाकावर बसलाच. म्हणाला, "पन डुक्कर एक नाही आलं हो!"

"त्याहिले कोनी सांगतलं नसंन," युसूफभाई म्हणाले.

*

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात आणि गंज घेऊन परत येतात. युसूफभाईंची पद्धत ठरलेली. सांध्यात तेल सोडायचं, थांबायचं, रोज थोडं हलवून बघायचं. एका वकिलांचा धीर सुटला. किती दिवस मुरवता, बंदूक आहे का लोणचं, असं त्यांनी विचारलं.

"लोनचं असतं तर आतापर्यंत मुरलं असतं, वकीलसाहेब."

*

बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली, त्या सालची गोष्ट. एका शेतकऱ्यानं रायफल दुरुस्तीला टाकली. तिचाही बोल्ट जाम. आठवड्यानं त्याची बायको एकटीच आली. कधी देणार, एवढंच तिनं विचारलं. बोल्ट तर सुटलेला, समोर टेबलावरच होता. सोमवारी, असं युसूफभाईंनी सांगितलं. ती उठेना.

"भाऊ, त्याहिले झोप नाही. बोलत नाहीत कोनाशी. बोल्ट निघतच नाही म्हना ना."

युसूफभाईंनी टेबलावरचा बोल्ट उचलून खणात टाकला.

तो माणूस हिवाळाभर येत राहिला. चहा प्यायचा, रायफलीला शिव्या घालायचा, मग गावातलं काहीबाही बोलत बसायचा आणि जायचा. आम्हा बाकावरच्यांना सगळं माहीत होतं. कोणी चकार शब्द काढला नाही. पुढची पेरणी आटोपल्यावर तो हसत आला, सोबत बायको होती. युसूफभाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"आजच निघाला बघा," ते त्याला म्हणाले.

*

माझी पत्नी गेली त्या वर्षी मुलगी पुण्याला परतल्यावर मी घर आवरायला काढलं. वडिलांची रायफल भिंतीवर होती, परवाना माझ्या नावावर. तिचाही बोल्ट जाम. मी ती दुरुस्तीला नेली. कशाला हवी, असं युसूफभाईंनी विचारलं नाही. रोज येऊन विचारत जा, म्हणाले.

मी जात राहिलो. तेल मुरून राह्यलं, सर, असं ते सांगायचे आणि चहा मागवायचे. घरी जायला उशीर व्हायचा. उन्हाळा गेला, पोळा झाला.

एकदा ते नमाजला गेले होते. दुकानात मी एकटाच. कोपऱ्यात माझी रायफल दिसली, म्हणून उचलली. बोल्टला नुसतं बोट लावलं, तर तो लोण्यातून सरकावा तसा मागं आला.

युसूफभाई दारात उभे होते. त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली, समोरच्या हॉटेलवाल्याला दोन बोटं दाखवली आणि माझ्या हातातली रायफल हळूच काढून घेतली.

"बसा, सर. अजून निघाला नाही तो."